चाकाला आधार, माणसाला धीर

घाटात एखादा ट्रक बंद पडला, की क्लीनर आधी दगड शोधायला धावतो. चाकाखाली दगड सरकवल्यावरच ड्रायव्हर निवांत होतो. आपल्याकडे याला उटी लावणे म्हणतात. सांबऱ्याच्या विमानतळावर विमान थांबले, की कर्मचारी त्याच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावतात, तीसुद्धा उटीच. ही उटी गाडीला पुढे-मागे सरकू देत नाही, एवढेच तिचे काम. दुचाकीची अडचण निराळी. तिला आडवे पडायची घाई असते. म्हणून दुचाकीसाठी जी उटी निघाली, तिला चाक दोन्ही बाजूंनी धरणारे हातही असतात. तिचे बाजारातले नाव व्हील चॉक. मोटरसायकलच्या शर्यती, ट्रेलर, गॅरेज अशा ठिकाणी ती नेहमीची आहे. घरच्या पोर्चमध्ये मात्र सहसा दिसत नाही.

आमच्या पोर्चमध्ये ती आहे. ती का आली, कशी केली आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा, हे आपल्या वाचकांना सांगावेसे वाटले. कारण आपल्यापैकी कितीतरी घरांत साठी ओलांडलेला माणूस असतो आणि त्याची जिवाभावाची एक जुनी गाडीही असते.

विकायची की ठेवायची?

आमच्या ह्यांची बुलेट 1994 सालची. जुन्या बुलेटला असायचे तसे उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. ह्यांची नोकरी, मुलांच्या शाळा, खानापूरच्या शेताच्या फेऱ्या, सगळे या गाडीने केले. गेल्या वर्षी ह्यांची बायपास झाली. छातीचे हाड नीट जुळून येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन महिने, काहीही ढकलायचे नाही, ओढायचे नाही, उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते दिवस गेले, तपासण्या झाल्या आणि गाडी चालवायलाही परवानगी मिळाली. किकची मला काळजी नव्हती. डीकॉम्प्रेशनची कळ दाबायची, ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणायचा आणि पाय सोडायचा. ते जोरापेक्षा युक्तीचे काम आहे, आणि ती युक्ती ह्यांच्या पायात तीस वर्षे मुरलेली आहे.

काळजी होती ती गाडी थांबल्यानंतरची. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये आमच्याकडे जेमतेम पाच फुटांची जागा. साइड स्टँडवर लावली तर गाडी वाटेवर कलते आणि आमचा पाच वर्षांचा नातू नेमका तिथूनच तिचाकी सायकल नेतो. डबल स्टँडवर लावायची तर एका पायाने स्टँड दाबून, एका हाताने मागची पकड धरून हिसका द्यावा लागतो. तो हिसका आता नको, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. त्यात जुलैमध्ये, बेळगावच्या पावसाला अंत नसतो त्या दिवसांत, अंगणातल्या ओल्या मातीत साइड स्टँड रुतला आणि रात्री गाडी तुळशी वृंदावनावर कलंडली. जवळ कुणी नव्हते हे नशीब.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, आता विकून टाका. चांगली किंमत येईल." ह्यांनी काहीच उत्तर दिले नाही. फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन गाडीच्या टाकीवरचा चिखल पुसत बसले. त्या दिवशी मी ठरवले, की विकण्याआधी एकदा तरी या प्रश्नाकडे नीट बघायचे.

वजन किती, भार किती?

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत असे, त्यामुळे कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. हिशेबासाठी गाडी 180 किलोची धरू. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 55 सेंटिमीटरवर आणि आपण हँडल धरतो ती जागा एक मीटरवर. गाडी अगदी उभी असेल, तर तिला धरायला एक बोट पुरते, कारण सगळे वजन चाकांवरून जमिनीत उतरते. ती 5 अंश कलली, की हातावर साधारण साडेआठ किलोंचा भार येतो. 15 अंशांवर 25 किलोंच्या पुढे. 30 अंशांवर जवळजवळ 50 किलो, म्हणजे सिमेंटचे एक पोते.

हे आकडे मी ह्यांना दाखवले. मोटरसायकल हातातून जाते ती अशी. सुरुवातीला वाटते, सहज धरू. दोन-तीन अंश जास्त कलली, की भार वाढतो, हात कमी पडतो आणि माणूस तिच्याबरोबर खाली जातो. कमरेत उसण भरते ती इथेच. तरणा मुलगा हिसका मारून सावरतो. बायपास झालेल्या, गुडघे बदललेल्या किंवा खांदा दुखावलेल्या माणसाने तो प्रयत्नच करू नये. म्हणून ताकद वाढवण्यापेक्षा गाडी कलणारच नाही अशी सोय करणे शहाणपणाचे.

पाळणा चाक कसे धरतो?

व्हील चॉकचे दोन प्रकार असतात. पहिला अगदी साधा. जमिनीला घट्ट बसवलेली लोखंडी खाच, तिच्यात पुढचे चाक घालायचे. सायकल स्टँडवर असते तसे. यात चाक बाजूला पडत नाही, पण मागे सहज निघते.

दुसऱ्या प्रकारात मध्ये एक हलता पाळणा असतो. तो बागेतल्या सी-सॉसारखा एका बोल्टवर झुलतो. गाडी पुढे ढकलली, की चाक पाळण्याच्या मागच्या कडेवरून आत चढते. चाकाचे वजन बोल्टच्या पुढे गेले, की पाळणा पुढे झुकतो आणि त्याची मागची कड वर उचलून टायरच्या पाठीला चिकटते. पुढून आडवी दांडी, मागून ही कड आणि दोन्ही बाजूंना उभे खांब. चाक चारही बाजूंनी धरले जाते ते गाडीच्याच वजनाने. कळ नाही, स्क्रू नाही. खट्ट असा आवाज आला, की हात सोडायचा.

उद्यमबागेतली दुपार

तयार चॉक ऑनलाइन मिळतात. पण त्यांतले बरेचसे रुंद टायरच्या गाड्यांसाठी असतात. आमच्या बुलेटचे पुढचे टायर 3.25-19, म्हणजे उंच आणि त्या मानाने बारीक. रुंद पाळण्यात ते डुगडुगले असते. शिवाय जुन्या बुलेटचा पुढचा मडगार्ड चाकावर बराच खाली उतरलेला असतो आणि त्याला धरणाऱ्या सळ्याही दोन्ही बाजूंनी येतात. पाळण्याची दांडी त्यांना घासली, तर मडगार्ड वाकणार.

आपल्या बेळगावात लोखंडाचे काम करणाऱ्यांना काय तोटा! टायरची रुंदी, चाकाची उंची, मडगार्डचे खालचे टोक जमिनीपासून किती वर, अशी मापे मी वहीत लिहिली आणि आम्ही दोघे उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याने आधी मापे पाहिली, मग ह्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, गाडीच घेऊन या. कागदावर चाक कळत नाही." दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने गाडी नेली. पुठ्ठ्याचा पाळणा कापून चाकाला लावून बघितला, मग लोखंड कापले.

चौकोनी पाइपची बैठक त्याने अडीच फूट रुंद ठेवली. बैठक अरुंद असली, तर गाडी चॉकसकट पडते. खांबांना आतून रबराच्या पट्ट्या लावल्या. पाळण्याच्या बोल्टसाठी एकाऐवजी तीन भोके पाडली, म्हणजे पुढेमागे दुसऱ्या मापाचे चाक आले तर पाळणा सरकवता येईल. लोखंडाला रेड ऑक्साइड आणि वर रंग दिला. आपल्या पावसात त्याला पर्याय नाही.

पोर्चमध्ये शहाबादी फरशी आहे. नुसत्या फरशीत बोल्ट ठोकला, तर फरशी तडकते आणि बोल्ट सैल राहतो. म्हणून तेवढ्या दोन फरश्या काढून खाली काँक्रीट भरले, ते पुरते वाळू दिले आणि त्यात बोल्ट घेतले.

आता रोज काय होते?

हे गाडीवर बसूनच फाटकातून हळू आत येतात, चाक पाळण्यासमोर सरळ करतात आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडतात. खट्ट झाले, की इंजिन बंद. उतरतात ते दोन्ही हात मोकळे ठेवून. बाहेर काढताना मात्र उभे राहून ओढायचे नाही. गाडीवर बसायचे, दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि मागे रेटायचे. पाळणा सुटताना थोडा जोर लागतो, पण तो पायांचा. छातीवर काही येत नाही.

आणखी एक फायदा नंतर कळला. ऑइलची पातळी गाडी सरळ उभी असतानाच बघायची असते. कललेल्या गाडीत ती चुकीची दिसते. आता हे रविवारी स्टूल घेऊन बसतात, ऑइल बघतात, स्पोक पुसतात, प्लग काढून साफ करतात. नातू शेजारी बसून पाने हातात देतो.

चॉकने सगळे होते असे नाही. मागचे चाक जमिनीवरच असते, त्यामुळे ते फिरवून साखळीला तेल घालता येत नाही. त्या दिवशी शेजारच्या मुलाला चहाला बोलावतो आणि तो डबल स्टँड लावून देतो.

लहान मूल घरात असल्याने आम्ही चॉकवर एकट्यावर विसंबलो नाही. गाडी सरळ उभी असते, तेव्हा साइड स्टँड जमिनीला टेकतच नाही, म्हणजे दुसरा आधार काही उरत नाही. म्हणून भिंतीत एक लोखंडी कडी बसवली आहे. मागच्या पकडीतून पट्टा घेऊन तो कडीला अडकवतो. अर्ध्या मिनिटाचे काम आहे, पण नातू गाडीवर चढला तरी जीव वर-खाली होत नाही.

टेम्पोतून गाडी नेताना

चोर्ला घाटातून गोव्याला घर हलवणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाची मोटरसायकल टेम्पोत साइड स्टँडवर उभी करून सुती दोरीने बांधली होती. वळणावळणाला दोरी ढिली होत गेली, स्टँड वाकला आणि टाकीला पोचा आला. गाडी नेण्यासाठी चॉक सर्वांत जास्त उपयोगी पडतो, पण तिथे चॉक म्हणजे निम्मेच काम. तो टेम्पोच्या तळाला बोल्टने पक्का हवा. साइड स्टँड वर घ्यायचा. मग चार पट्टे, दोन पुढे, दोन मागे, चारही कोपऱ्यांकडे तिरके ताणलेले. पुढचे पट्टे हँडलच्या टोकांना किंवा क्लचच्या दांडीला न बांधता खाली फोर्क जिथे जोडलेला असतो तिथे बांधावेत. फोर्क निम्मा दबेल इतकाच ताण द्यावा. पुरता दाबून ठेवला, तर त्याची सील गळू लागतात. आणि दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून पट्टे पुन्हा तपासावेत, कारण सुरुवातीला ते थोडे ढिले पडतातच.

करून घेण्याआधी

चॉक जिथे बसवणार, ती जागा सपाट हवी. उतार असलाच, तर तो चॉकच्या दिशेने असावा. उलट उतारावर मागच्या चाकाला साधी उटी लावावीच लागेल. टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा, कमी झाली की पकड सैल होते. बसवल्यानंतर पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंना एकेक धडधाकट माणूस उभा करून गाडी हलवून बघा. महिन्यातून एकदा बोल्ट आवळा. आणि घरातल्या प्रत्येकाला ती सुटते कशी हे दाखवून ठेवा, नाहीतर कुणीतरी बाजूने खेचायला जाईल.

यंदा गणपतीला मुलगा आला. रात्री उशिरा पोहोचला, तेव्हा गाडी पोर्चमध्ये सरळ उभी होती. सकाळी ह्यांना काही न विचारता तो बाहेर गेला, दोन वेळा गाडी हलवून पाहिली, पट्टा ओढून पाहिला. विकण्याचा विषय काही निघाला नाही. जेवणानंतर टेप घेऊन बसला आणि पाळण्याची मापे मोबाइलमध्ये लिहून घेऊ लागला. पुण्यात त्याची ड्यूक आहे. तिला डबल स्टँडच नाही.