बारसे चुकलेले प्रथिन

१९७६ साली सशाच्या अपक्व तांबड्या रक्तपेशींतून एक लहानसे प्रथिन वेगळे काढण्यात आले. ते घातले की रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या यंत्रावर, मेथिओनिन आणि प्युरोमायसिन यांचा बंध झपाट्याने जुळे. मेथिओनिन हे अमिनो आम्ल म्हणजे प्रथिनाच्या माळेतला पहिला मणी; प्युरोमायसिन हा पुढच्या मण्याचा तोतया. तेव्हा हा मदतनीस आरंभापुरताच, असे ठरले आणि बारसे झाले: ‘आरंभक घटक’. आज त्याला ईआयएफ५ए म्हणतात. त्यातला ‘आय’ इनिशिएशनचा.

त्याच्या अंगावर एक जगावेगळी खूण होती. जपानी संशोधकांना १९७१ मध्ये गुरांच्या मेंदूत हायप्युसिन हे अमिनो आम्ल सापडले होते. ते याच प्रथिनात असते, हे १९८३ मध्ये उलगडले. लायसिन या अमिनो आम्लावर स्पर्मिडिन या रेणूचा तुकडा चढवून पेशी ते घडवते. एका प्रथिनासाठी एवढा खटाटोप, म्हणजे काम मोलाचे असणार. यीस्टमध्ये त्याची दोन जनुके आहेत. दोन्ही काढली तर पेशी जगत नाही.

तरीही १९९४ मध्ये यीस्टनेच कोडे घातले. हे प्रथिन जवळजवळ संपवले, तर प्रथिननिर्मिती घटली ती सुमारे ३० टक्केच. आरंभच अडला असता तर सारे ठप्प व्हायला हवे होते. मग आरएनएची विल्हेवाट, केंद्रकाबाहेरची ने-आण अशी इतर कामेही त्याच्या खात्यावर मांडून पाहिली गेली.

थॉमस डेव्हर आणि रॅचेल ग्रीन या संशोधकांच्या गटांनी २००९ मध्ये पुन्हा यीस्टलाच विचारले. प्रथिन काढून घेतल्यावर रायबोसोम आरएनएवर चढत होते, पण पुढे सरकताना रेंगाळत होते. अडचण उंबरठ्यावर नव्हती, वाटेत होती. वाटेतला खडा २०१३ मध्ये सापडला: लागोपाठ आलेली प्रोलिन ही अमिनो आम्ले. प्रोलिनची बाजूची साखळी वळून स्वतःच्याच कण्याला जुळलेली असते. या ताठरपणामुळे नवा बंध लवकर जुळत नाही. ईआयएफ५ए रायबोसोमच्या निर्गम-जागेशी बसून हायप्युसिनचा लांब हात थेट बंध जुळतो तिथवर नेते. २०१७ मध्ये दिसले की प्रोलिनखेरीज इतर अनेक अवघड जोड्यांना, इतकेच काय, माळेची गाठ सोडवून ती मोकळी करायलाही त्याचीच मदत लागते.

मागे वळून पाहता १९७६ चा प्रयोग खोटा नव्हता. त्यात मोजायला बंध एकच होता आणि तो पहिला होता. पुढचे बंध पाहायची सोय झाली, तेव्हा पहिल्याला हात देणारा शेवटपर्यंत सोबत चालतो, हे कळले. नावातला ‘आय’ तेवढा अजून दारातच उभा आहे.