जीवाणूंचे अभिरंजन

जीवाणूंचे अभिरंजन म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू स्पष्ट दिसावेत व त्यांच्यातील भेद ओळखता यावेत यासाठी त्यांना विशिष्ट रंजकांनी रंगविण्याची प्रक्रिया होय. बहुतेक जीवाणू काही मायक्रोमीटर लांबीचे व जवळजवळ पारदर्शक असतात. न रंगविता त्यांची कडही नीट दिसत नाही. एकाच रंजकाने केलेल्या साध्या अभिरंजनातून जीवाणूचा आकार (गोलाकार, दंडाकार, सर्पिल) आणि मांडणी एवढेच कळते. वर्गीकरणाला खरा उपयोग होतो तो भेददर्शी अभिरंजनाचा, कारण त्यातील रंग पेशीच्या रचनेवर अवलंबून असतो.

ग्रॅम अभिरंजन

डॅनिश वैद्य हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी १८८४ मध्ये बर्लिन येथे ही पद्धत प्रसिद्ध केली. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांच्या ऊतींतील जीवाणू उठून दिसावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. काही जीवाणू रंग धरून ठेवत नसल्याने पद्धत सदोष व अपूर्ण असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. पुढे याच ‘दोषा’वर जीवाणूंचे दोन मोठे गट पाडले गेले.

नमुन्याचा पातळ लेप काचपट्टीवर पसरून वाळवतात व ज्योतीवरून फिरवून स्थिर करतात. त्यावर प्रथम क्रिस्टल व्हायोलेट व नंतर आयोडीनचे द्रावण घालतात; दोन्ही मिळून पेशीत मोठा संयुग तयार होतो. मग अल्कोहोलने किंवा ॲसिटोनने लेप धुऊन शेवटी सॅफ्रानिनने रंगवितात. पेप्टिडोग्लायकनची जाड भित्ती असलेल्या जीवाणूंमध्ये हा संयुग अडकून राहतो व ते जांभळे दिसतात. हे ग्रॅम-धन होत. ज्यांची भित्ती पातळ असून तिच्याबाहेर मेदयुक्त पटल असते, त्यांचा जांभळा रंग धुपून जातो व ते सॅफ्रानिनमुळे गुलाबी दिसतात, हे ग्रॅम-ऋण. धुण्याची पायरी काही सेकंदांची असते आणि बहुतेक चुका तेथेच होतात. बाह्य पटल अनेक प्रतिजैविकांना अडविते, म्हणून संवर्धनाचा अहवाल येण्यापूर्वी औषध ठरवितानाही हा भेद उपयोगी पडतो.

अम्लस्थायी अभिरंजन

क्षय व कुष्ठरोगाच्या जीवाणूंची भित्ती मेणासारख्या मायकोलिक अम्लाने व्यापलेली असल्याने त्यांच्यावर ग्रॅम पद्धत नीट चालत नाही. झील-नील्सन पद्धतीत कार्बोल फुक्सिन लेपावर घालून खालून उष्णता देतात, नंतर सौम्य केलेल्या गंधकाम्लाने धुतात व मेथिलीन ब्लूने पार्श्वभूमी रंगवितात. अम्लानेही रंग न सोडणारे जीवाणू निळ्या पार्श्वभूमीवर लाल दिसतात. थुंकीच्या तपासणीत शंभर दृश्यक्षेत्रांत १० ते ९९ जीवाणू आढळल्यास ‘१+’, तर प्रत्येक क्षेत्रात १० पेक्षा अधिक आढळल्यास ‘३+’ अशी नोंद होते. मात्र एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५,००० ते १०,००० जीवाणू असल्याशिवाय ते लेपात दिसत नाहीत. त्यामुळे ‘ऋण’ अहवालाने क्षयाची शक्यता संपत नाही.

कुष्ठरोगाचा जीवाणू कृत्रिम माध्यमावर वाढविता आलेला नाही. म्हणून त्वचेला बारीक छेद देऊन घेतलेल्या लेपाचे महत्त्व या रोगात विशेष आहे. अखंड रंगलेले दंड जिवंत, तर तुटक व कणीदार दिसणारे मृत, असे मानून उपचारांचा परिणामही त्यावरून अजमावला जात असे.

माणदेशातील पशुरोगनिदान

म्हसवड व माण तालुक्याचा परिसर अवर्षणप्रवण असून शेळ्या-मेंढ्या हा तेथील अनेक कुटुंबांचा आधार आहे. कळपातील मेंढी अचानक मेली तर काळपुळी (फाशी) की आंत्रविषार, हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहत नाही. काळपुळी माणसालाही होते. दोन्ही रोगांचे जीवाणू ग्रॅम-धन व जाडसर दंडाकार आहेत. शिवाय मृत्यूनंतर आतड्यातील तसेच दिसणारे जीवाणू रक्तात पसरतात. येथे ग्रॅम अभिरंजन अपुरे पडते.

अशा वेळी १९०३ मध्ये जॉन मॅकफॅडियन यांनी वर्णिलेली पद्धत वापरतात. कानाच्या शिरेतील रक्ताचा लेप पॉलिक्रोम मेथिलीन ब्लूने रंगविल्यास काळपुळीचे दंड निळे व त्यांभोवतीचे आवरण गुलाबी, कणीदार दिसते. शंका असल्यास शव फाडायचे नसते, कारण हवेच्या संपर्कात आल्यावर हे जीवाणू बीजाणू बनवितात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. रक्ताचा एक थेंब पुरतो, हे या तपासणीचे मोठेपण. असे नमुने पुण्यातील औंध येथील पशुरोग अन्वेषण विभागात तपासले जातात. घटसर्पाचे जीवाणू मात्र ग्रॅम-ऋण असून लिशमन किंवा मेथिलीन ब्लू रंजकाने त्यांची दोन्ही टोके गडद व मध्य फिकट दिसतो.

प्लेग व अभिरंजन

प्लेगचा जीवाणूही असाच द्विध्रुवी रंगतो. बंद केलेल्या सेफ्टी पिनेशी त्याची तुलना करतात. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्सांद्र येरसँ व कितासातो शिबासाबुरो यांनी स्वतंत्रपणे त्याचा शोध घेतला. येरसँ यांनी तो ग्रॅम पद्धतीने रंगत नाही असे स्पष्ट लिहिले. कितासातो यांची वर्णने या मुद्द्यावर संदिग्ध राहिली आणि शोधाच्या श्रेयाच्या वादात हा मुद्दा कळीचा ठरला. दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेगची साथ आली. त्या वेळी वाल्डेमार हाफकिन यांनी सुरू केलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला हलली व १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

मर्यादा

जुन्या संवर्धनातील ग्रॅम-धन जीवाणू गुलाबी दिसू शकतात. भित्तीच नसलेले मायकोप्लाझ्मा या विभागणीत बसत नाहीत. वंशसंबंधाने ते ग्रॅम-धन गटाला जवळचे असले तरी रंगतात ग्रॅम-ऋणासारखे. १९७८ मध्ये गिबन्स व मरे यांनी पेशीभित्तीवर आधारित चार विभाग सुचविले होते, परंतु रायबोसोमीय आरएनएच्या अभ्यासानंतर वंशसंबंधांवर आधारलेली मांडणी रूढ झाली. ग्रॅम-ऋण हा आता एक नैसर्गिक कुल मानला जात नाही. तरीही अज्ञात जीवाणू हाती आल्यावर प्रयोगशाळेत केली जाणारी पहिली चाचणी बहुधा ग्रॅम अभिरंजनच असते, आणि पुढे कोणते माध्यम व कोणत्या चाचण्या निवडाव्यात हे तिच्यावरून ठरते.