सैन्यभरतीचं खरं चित्र कुठे ऐकायला मिळतं?

गेल्या आठवड्यात आपल्या एका श्रोत्या ताईंचा फोन आला. त्यांचा मुलगा बारावीत आहे आणि "आई, मला आर्मीत जायचंय," म्हणतोय. ताईंचं माहेर साताऱ्याकडचं, अपशिंगे मिलिटरी गावाजवळचं, त्यामुळे फौजी माणसं त्यांना नवीन नाहीत. "पण इथलं काही कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "जाहिरातीत सगळं छानच दिसतं. खरं कुठे ऐकायचं?"

ताई, एक जागा आहे: कॅनबेराचं संसद भवन. तिथे सिनेटच्या समित्या सरकारी खात्यांच्या खर्चाची झडती घेतात. या सुनावण्यांना 'सिनेट एस्टिमेट्स' म्हणतात. त्या साधारणपणे वर्षातून तीनदा होतात. संरक्षण खात्याची पाळी परराष्ट्र, संरक्षण आणि व्यापार विषयांच्या समितीपुढे येते. मंत्री, खात्याचे सचिव, सैन्यदलांचे प्रमुख समोर बसतात आणि सगळ्या पक्षांचे सिनेटर प्रश्न विचारतात. कामकाज सकाळी सुरू होतं आणि बऱ्याचदा रात्री उशिरापर्यंत चालतं.

या सुनावण्या बंद दाराआड घेता येत नाहीत, असा सिनेटचा नियमच आहे. म्हणजे तुम्ही-आम्हीही जाऊन बसू शकतो. तिकीट नाही. विमानतळासारखी तपासणी होते, फोन गप्प ठेवायचा आणि मागच्या खुर्च्यांवर बसायचं. आपल्याला प्रश्न विचारता येत नाहीत, फक्त ऐकायचं. पर्थ किंवा ब्रिस्बेनहून जाणं जमत नसेल, तर संसदेच्या संकेतस्थळावर थेट प्रक्षेपण असतं. नंतर 'हॅन्सार्ड' म्हणजे शब्दन् शब्द नोंदही तिथेच मिळते. अधिकाऱ्याकडे उत्तर तयार नसेल, तर तो प्रश्न 'ऑन नोटिस' घेतो आणि लेखी उत्तर नंतर प्रसिद्ध होतं. कधीकधी खरा आकडा या लेखी उत्तरातच सापडतो.

भरतीबद्दल तिथे काय विचारतात? २०२२ मध्ये सरकारने जाहीर केलं की २०४० पर्यंत गणवेशातलं मनुष्यबळ सुमारे ८० हजारांवर न्यायचं. प्रत्यक्षात २०२४ मध्ये सुमारे ४,४०० जणांची तूट होती. अर्ज केल्यापासून रुजू होईपर्यंत सरासरी ३०० दिवसांच्या आसपास लागत होते आणि उद्दिष्ट होतं १०० दिवसांचं. तोवर चांगली मुलं दुसरी नोकरी धरतात. शिवाय आहेत ती माणसं टिकवायची, म्हणून पहिली सेवा संपवून आणखी तीन वर्षं थांबणाऱ्यांना ५० हजार डॉलरचा बोनस २०२३ मध्ये जाहीर झाला.

आता आपल्या घरचा मुद्दा. जुलै २०२४ पासून न्यूझीलंडच्या आणि जानेवारी २०२५ पासून ब्रिटन, अमेरिका व कॅनडाच्या नागरिकांना इथल्या पीआरवर, काही अटींसह, अर्ज करता येऊ लागला. भारत त्या यादीत नव्हता. म्हणजे भारतीय पासपोर्टवर पीआर असलेल्या मुलाला आधी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घ्यावं लागतं आणि भारताचं सोडावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: परदेशी सैन्यात सेवेत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय कार्ड मिळत नाही, असा भारत सरकारचा नियम आहे. आजीला भेटायला पुण्याला जायचं, तर व्हिसा काढावा लागेल. मुलाकडे आधीच ओसीआय असेल, तर सही करण्यापूर्वी भारतीय वकिलातीत विचारून घ्या. हे भरतीच्या जाहिरातीत नसतं आणि सिनेटर विचारतील असंही नाही. ते आपणच विचारायला हवं.

मुलगा अठराच्या आतला असेल, तर आईवडिलांची लेखी संमती लागते. म्हणून ताई, लगेच हो किंवा नाही म्हणू नका. एखाद्या रविवारी चहा घेऊन दोघं बसा आणि सुनावणीतला भरतीचा भाग एकत्र ऐका. किती जण सोडून जातात, का जातात, दुखापत झालेल्यांचं पुढे काय होतं, हे प्रश्न तो स्वतःच विचारायला लागेल. मग जो निर्णय होईल, तो डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल.