फाल, अभंग आणि एकशेसाठ बाइट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

हाफिजच्या दिवाणातून फाल काढण्याची रीत फारसी जाणणाऱ्या घरांत जुनी आहे. मनात प्रश्न धरायचा, डोळे मिटून पान उघडायचं आणि नजर पडेल त्या शेरात उत्तर शोधायचं. उत्तर खरं ठरो न ठरो, शेर तर वाचून होतो! अशीच एक फाल संगणकातही निघते, हे माझ्या भाच्यानं मला दाखवलं तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली.

त्या प्रोग्रॅमचं नाव 'फॉर्च्यून'. अमेरिकेतल्या चिनी उपाहारगृहांत जेवणानंतर एक बिस्किट मिळतं, त्याच्या पोटात भविष्याची चिठ्ठी असते; नाव तिथून आलं. बेल लॅब्जमधून १९७९ साली निघालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत हा प्रोग्रॅम होता. पुढे बर्कलीत केन अरनॉल्ड यांनी तो नव्यानं लिहिला, आणि आज लिनक्सवर चालतो तो त्याच घराण्यातला. काम एवढंच, की हाक मारली की एक वचन दाखवायचं. ओपन सोर्स असल्यानं त्याचं पोट कुणालाही उघडून पाहता येतं, दुरुस्त करता येतं.

आम्ही पाहिलं. वचनांची साधी फाइल असते. दोन वचनांच्या मध्ये एका ओळीवर फक्त टक्क्याचं चिन्ह. 'स्ट्रफाइल' नावाचा दुसरा प्रोग्रॅम ती वाचून एक अनुक्रमणिका बनवतो. पहिलं वचन कितव्या बाइटपासून, दुसरं कितव्यापासून, असे नुसते आकडे. फॉर्च्यून मनात येईल तो आकडा उचलतो, थेट त्या जागी उडी मारतो आणि टक्का येईपर्यंत वाचत जातो.

मी हौसेनं मराठी फाइल केली. म्हणी, जुने अभंग, काही ओव्या. दुसऱ्या दिवशी एका अभंगातलं शुद्धलेखन सुधारलं, आणि पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटू लागली. कारण सोपं होतं. मजकूर हलला, अनुक्रमणिका जुनीच राहिली. इंग्रजीत अशी चूक झाली तर वाक्य अधेमधे सुरू होतं, इतकंच. आपलं एकेक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. उडी अक्षराच्या बरगडीत पडली की अक्षरच फुटतं. भाच्यानं फाइल बदलताच अनुक्रमणिका आपोआप नवी होईल अशी सोय केली.

दुसरा दोष मात्र मला लागला. भाच्यानं 'छोटी वचनंच दाखव' अशी आज्ञा दिली होती. आठवडाभर म्हणीच येत राहिल्या, अभंग एकही नाही. मला वाटलं, नशीब! पण प्रोग्रॅमच्या हिशेबात छोटं म्हणजे एकशेसाठपर्यंत. माहितीपत्रकात लिहिलंय 'अक्षरं', मोजतो मात्र बाइट. ज्या काळी हे लिहिलं त्या काळी दोन्ही एकच होतं, म्हणून लिहिणाऱ्याला दोष देववत नाही. (यूटीएफ-८ आलं १९९२ मध्ये, आणि तेही युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक यांच्याच हातून.)

आता हिशेब करा. मोठ्या अभंगाचा एक चौक म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार, अशी बावीस अक्षरं. 'क' तीन बाइट. पण 'क्षि' मध्ये क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट! एका चौकालाच सव्वाशेच्या आसपास खर्च होतात. दोन चौक झाले की अभंग 'लांब' ठरून बाद. ज्या छंदात शब्द इतके तोलूनमापून घातले, त्याला पाल्हाळिक म्हणावं?

मर्यादा वाढवायची आज्ञा प्रोग्रॅममध्ये आहेच, भाचा म्हणाला, "मामू, एकशेसाठचे चारशेऐंशी करू, संपलं." मला ते पटेना. मग इंग्रजी वचनंही तिप्पट लांब येणार! शेवटी माझ्या हट्टापायी त्यानं मोजणीच बदलली. काना, मात्रा, वेलांटी मोजायची नाही. हलन्तानंतरचं व्यंजन मागच्यातच धरायचं. छंद शिकताना बोटांवर मोजतात तसंच. त्या रात्री पहिला अभंग पडद्यावर आला.

जुन्या प्रोग्रॅमबरोबर जुना मालही येतो. बायकांवर, वंशांवर, धर्मांवर केलेल्या थट्टेची वचनं वेगळ्या कप्प्यात, प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवून झाकलेली असत, चुकून कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून. तो कप्पा आम्ही घेतलाच नाही.

राहिलं नावांचं काम. मोबाइलवर फिरणाऱ्या ओळींखाली कुणाचंही नाव चिकटवलेलं असतं, आणि प्रोग्रॅम तेही तितक्याच विश्वासानं दाखवतो. म्हणून मी छापील गाथा, संग्रह काढून एकेक वचन ताडून पाहिलं. अकरा वचनांचा कर्ता सापडला नाही. त्यांच्याखालची जागा मी मोकळी सोडली आहे.