डिस्कवरील जागेचा हिशेब

संगणकाची डिस्क भरली, की नवी नोंद लिहिता येत नाही व काम अडते. अशा वेळी हाती लागेल ते पुसून टाकणे धोक्याचे. प्रथम जागा कोणी व्यापली आहे ते पाहावे. युनिक्स प्रणालीच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीपासून असलेली ‘डीयू’ ही आज्ञा हेच काम करिते. ती प्रत्येक पोटनिर्देशिकेत शिरून फायलींनी अडविलेली जागा मोजते आणि तिची बेरीज वरच्या निर्देशिकेत मिळविते. मोठ्या आकड्याचा माग काढीत खाली उतरले, की मूळ सापडते. मात्र नाव पुसलेली, पण चालू कार्यक्रमाने उघडी ठेवलेली फाइल तिला दिसत नाही. संपूर्ण डिस्कचा हिशेब देणाऱ्या ‘डीएफ’ आज्ञेत ती धरलेली असते. म्हणून दोन्ही आकडे ताडून पाहावेत.