मोहाचे फूल आणि पर्यटकाचा पेला

नाशिकच्या द्राक्षमळ्यांत वाइन चाखावयास जाणारा पर्यटक आता कोणास नवा वाटत नाही. राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले आणि कालांतराने या मळ्यांभोवती उपाहारगृहे, निवासस्थाने, वाहनसेवा असा छोट्या व्यवसायांचा पसारा वाढला. २००९ मध्ये जागच्या जागी बिअर तयार करून विकणारी राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी पुण्यात निघाली. त्याच वर्षी गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन लाभले. मग मोहाच्या रानांनी वेढलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेड्यालाच हा मार्ग का नको, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

प्रश्न गैर नाही. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि बायका-मुले टोपल्या घेऊन तो वेचतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. या फुलाने दुष्काळात माणसे जगविली आहेत; गोंड समाजाच्या पूजाविधीतही मोहाच्या दारूला स्थान आहे. राज्यकर्त्यांनी मात्र या फुलाकडे अबकारी खात्याच्या नजरेनेच पाहिले. मुंबई प्रांतात १८९२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवर निर्बंध ठेवले. महाराष्ट्राने ते २०२१ मध्ये शिथिल केले. मध्य प्रदेश सरकारने त्याच वर्षी मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देण्याचे जाहीर केले.

तथापि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती केवळ सरकारी हुकमाने आलेली नाही. गावोगावच्या लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, कित्येक वर्षे चळवळ करून ती मिळविली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली, गडचिरोलीची टिकली. चोरटी दारू तरीही मिळतेच, तेव्हा महिला बचत गटांनाच परवाने देऊन तो पैसा गावात का ठेवू नये, असे विचारले जाते. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु पर्यटक दोन रात्री राहून परततो, दुकान मात्र वर्षभर उघडे राहते. त्याचा खरा गिऱ्हाईक गावातलाच मजूर असतो आणि त्याची किंमत त्याच्या घरातील चूल मोजते. शिवाय नाशिकला मुंबई काही तासांवर आहे आणि मळ्यांमागे मोठे भांडवल आहे. देसाईगंज-वडसा स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने गाठावयाच्या कुरखेड्यास यांपैकी काहीच अनुकूल नाही.

मात्र ‘नको’ म्हणून भागणार नाही. पैशाच्या निकडीपायी हंगामातच फूल विकावे लागते आणि त्याचा हुकमी गिऱ्हाईक दारूची भट्टी असते. हाच दारूबंदीचा सर्वांत कच्चा दुवा होय. तो सांधावयाचा तर फुलाला दुसरा गिऱ्हाईक हवा. मोहाचे सरबत, लाडू, लोणचे, जॅम हे पदार्थ घरगुती भांडवलावर होतात. झाडाखाली जाळी बांधली तर फूल मातीला लागत नाही. फुले दिसावीत म्हणून पाचोळा पेटविण्याची आणि त्यातून रानात वणवा जाण्याची आपत्तीही टळते. वाळवणीची स्वच्छ जागा आणि कोरडे कोठार असले, तर भाव येईपर्यंत माल राखता येतो.

यासाठी लागणारा अधिकार कायद्याने दिलेला आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावरील ग्रामसभेचा हक्क मानला. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून त्याचा उपयोग दाखवून दिला. पाहुण्यांना पहाटेची फुलवेचणी दाखवावी, गावच्या घरात उतरवून मोहाचे पदार्थ वाढावेत. किती पाहुणे घ्यावेत आणि कोठवर हिंडू द्यावेत, हे ग्रामसभेने ठरवावे. असे पर्यटन लहान राहील, पण त्याचा पैसा गावात उरेल.

सरकारने कोठार, वाळवणयंत्र आणि खेळते भांडवल एवढे जरी पुरविले, तरी बरेच साधेल. ज्या स्त्रियांनी दारूबंदी मागितली, फूल त्याच वेचतात. त्यांना भट्टीवाल्यापेक्षा चार पैसे अधिक देणारा खरेदीदार मिळवून देणे, हीच दारूबंदीची खरी राखण ठरेल.