बस हवी? मग गणित मांडा!

पुंडलिकनगरात राहता? मग हा संवाद तुमच्या किंवा शेजारच्या घरात नक्की झाला असेल. ‘क्लास सुटतो कधी?’ ‘आठला.’ ‘रात्री एकटीनं रिक्षानं यायचं? राहू दे तो क्लास!’ विषय संपला. फी परवडत होती, मार्कही होते. अडलं ते घरी परत येण्यावर.

यावर आपण काय करतो? स्टेटस टाकतो, ‘आमच्या भागात बस वाढवा.’ पण दोस्तांनो, नुसत्या मागणीनं बस वळत नाही. का, ते बघा.

‘माझी स्मार्ट बस’ आपल्याकडे डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, ती १०० बसच्या ताफ्याचं नियोजन करून. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच पावणेबारा लाखांच्या घरात होती. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या निकषांत पहिल्या श्रेणीच्या सेवेसाठी दर हजार लोकांमागे ०.६ बस धरल्यात. त्या हिशेबानं आपल्याला सातशेच्या आसपास बस लागतात. म्हणजे बस मुळातच कमी. एकीकडे वाढवली, की दुसरीकडे कुणाची तरी फेरी कमी होते.

आता खरं गणित. समजा, एका मार्गावर जाऊन-येऊन ६० मिनिटं लागतात आणि ३ बस आहेत. म्हणजे दर २० मिनिटांनी बस. तुम्ही म्हणालात, ‘फक्त दोन किलोमीटर पुढं न्या ना!’ शहरात बसचा वेग ताशी १५ किलोमीटर धरला तर जाताना ८ आणि येताना ८ मिनिटं वाढली. फेरी झाली ७६ मिनिटांची. आता एक तर चौथी बस आणा, नाही तर सगळ्यांनी २५ मिनिटं थांबा. जुने प्रवासी चिडणारच की!

मग पर्याय? जालना रोडवरची मोठी बस आत वळवण्याऐवजी आतल्या वस्तीतून छोटी बस मागा. सेव्हन हिल्स, गजानन महाराज मंदिर, पुंडलिकनगर, जयभवानीनगर, मुकुंदवाडी असा मार्ग घेतला तर दोन्ही टोकांना जालना रोडच्या बस मिळतात. समजा, जाऊन-येऊन ३० मिनिटं लागली, तर दोनच बसमध्ये दर १५ मिनिटांनी सेवा मिळते. पुण्यात पीएमपीनं २०२१ मध्ये ‘पुण्यदशम’ सुरू केली ती अशीच. मध्यवस्तीत छोट्या बस आणि १० रुपयांत दिवसभर प्रवास.

हे कागदावर आणायला चार-पाच मित्रमैत्रिणी पुरेत.

एक, मंगळवार-बुधवारसारखा साधा दिवस निवडा. सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८ गजानन महाराज मंदिर चौकात उभं राहून शेअरिंग रिक्षात किती जण बसतात ते मोजा.

दोन, शंभर जणांना चारच प्रश्न विचारा. कुठून, कुठं, किती वाजता आणि सध्या किती पैसे लागतात? कॉलेजवालेच नकोत. कामाला जाणाऱ्या मावशी, दवाखान्यात जाणारे आजोबाही हवेत.

तीन, रस्ता पायी फिरा. बस कुठं वळेल, हातगाड्या कुठं लागतात, थांब्याला उजेड आहे का, हे नकाशावर मांडा.

चार, माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मार्गनिहाय फेऱ्या आणि उत्पन्न मागवा. उत्तराची मुदत ३० दिवस.

मग दोन पानांचा प्रस्ताव करा. एक प्रत स्मार्ट सिटी कार्यालयात आणि एक महापालिका आयुक्तांकडे द्या. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका, नाही तर पाठपुरावा कशाच्या जोरावर करणार? मागणीही मोजकी ठेवा. ‘तीन महिने प्रायोगिक चालवा, प्रवासी मोजा, मग ठरवा.’ प्रयोगाला ‘नाही’ म्हणणं अधिकाऱ्यालाही अवघड जातं.

आणि एक अट आपल्यासाठीही. बस सुरू झाली की बाईक घरी ठेवून तिच्यात बसायचं. रिकामी धावणारी बस फार दिवस टिकत नाही. रात्री आठला क्लास सुटणाऱ्या मुलीसाठी ती टिकायला हवी.